पोराच्या हातात पहिली लाठी देताना

कोल्हापुरात मर्दानी खेळाची, म्हणजे लाठी, तलवार, पट्टा या जुन्या युद्धकलेची चौकशी वर्षातून दोनदा वाढते. एकदा शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी फिरवणारी पोरं बघून, आणि एकदा शाळेला सुट्टी लागल्यावर. यातली पहिली वेळ प्रवेश घ्यायला सगळ्यात वाईट. १९ फेब्रुवारी आणि वैशाख शुद्ध द्वितीया, दोन्ही जयंत्यांच्या आधीचे तीन-चार आठवडे आखाड्यात प्रात्यक्षिकांची तयारी चाललेली असते. वस्तादांचं सगळं लक्ष जुन्या मुलांवर. नवं पोरगं कडेला उभं राहतं, मोठ्यांचं बघून काठी गरगर फिरवायला लागतं आणि मनगटाला अशी सवय लागते की ती मोडायला पुढे दोन महिने जातात. म्हणून वैशाखातली जयंती उरकली की लगेच, नाहीतर दिवाळी झाल्यावर घाला. जूनमध्ये घालायचं असेल तर पावसात सराव कुठे होतो ते आधी विचारा. मैदान चिखलात गेलं की बरेच वर्ग हप्ता-हप्ता बंद राहतात आणि नव्या मुलाचा धागा तुटतो.

वय किती हवं? साधारण सात. पण वयापेक्षा दोन गोष्टी घरीच तपासा. एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत मूल स्थिर उभं राहतं का, आणि पळता पळता 'थांब' म्हटल्यावर जागच्या जागी थांबतं का. दुसरी गोष्ट जमत नसेल तर वर्षभर थांबा. काठी हातात असताना न थांबणारं मूल शेजारच्याच्या डोळ्याला धोका असतं. तोवर लंगडी, खो-खो, सूरपाट्या खेळू द्या, पावलं त्यातच तयार होतात.

वर्ग निवडताना

प्रवेश घेण्याआधी एक पूर्ण तास बसून बघा. बसू देत नसतील तर तो वर्ग आपला नव्हे, इतकं सरळ आहे. बसलात की आधी जमीन बघा. मुलं अनवाणी खेळतात, तेव्हा सरावाआधी कुणी खडे, काचा, खिळे वेचतं का? मग अंतर. चार फुटांची काठी फिरवणाऱ्या मुलाला चहूबाजूंनी पाच फूट मोकळे लागतात, म्हणजे दोन मुलांत दहा फूट. तीस बाय चाळीस फुटांच्या अंगणात एका वेळी बाराच मुलं काठी फिरवू शकतात. पंचवीस फिरवत असतील तर टोला कधी बसणार एवढाच प्रश्न उरतो. चांगले वस्ताद दोन तुकड्या करतात. एक काठीवर, दुसरी जोर-बैठका किंवा पवित्र्यावर (उभं राहायची आणि पाऊल टाकायची ढब), आणि दहा मिनिटांनी अदलाबदल.

'थांब'चा इशारा ऐका. वस्तादांनी एकदा आवाज दिला की सगळ्या काठ्या खाली येतात का? आणि काठी ठेवली कशी जाते तेही बघा. ओळीत, आडवी, जमिनीला नमस्कार करून ठेवली जाते, की फेकली जाते? काठीवरून उडी मारणाऱ्या मुलाला हटकलं जातं का? ही शिस्त दिखाऊ नव्हे. पायात आलेल्या काठीवर घसरून मुलं जितकी पडतात तितकी वारानं पडत नाहीत.

विचारायचे प्रश्न मोजकेच. नव्या मुलांना रोज कोण शिकवतं, वस्ताद स्वतः की सतरा-अठरा वर्षांचा जुना विद्यार्थी? विद्यार्थी शिकवत असेल तरी चालतं, पण मोठं माणूस मैदानावर हजर हवं. खऱ्या तलवारी, भाले कुठे ठेवतात, कुलपात की भिंतीला टेकवून? प्रथमोपचाराची पेटी आहे का, आणि ती उघडून दाखवतील का? मुलीला घालत असाल तर कपडे बदलायची बंद जागा, शिकवणारी बाई किंवा मोठी मुलगी, आणि सुटल्यावर शेवटचं मूल घरी जाईपर्यंत कोण थांबतं, हे विचारायला लाजू नका. पवित्रा दुरुस्त करायला खांदा, कोपर, गुडघा धरावा लागतो. तो सगळ्यांसमोर, सांगून धरला जातो का, हेही नजरेत ठेवा.

लाठी कशी घ्यावी

पहिल्या दिवशी काठी विकत घेऊन जाऊ नका. वस्तादांना विचारा, आणि ते म्हणाले तर बुरुडांकडून वेळू आणा. माप मुलाच्या अंगावर घ्यायचं. काठी जमिनीवर उभी धरली की टोक खांद्याच्या वर आणि भुवईच्या खाली यावं. सात-आठ वर्षांच्या मुलाला साधारण साडेतीन फूट पुरते. मोठ्या माणसाची सहा फुटी काठी कापून देऊ नका. लांबी बसते पण जाडी जास्त राहते. मुठीत धरल्यावर अंगठा मधल्या बोटाला टेकला पाहिजे. पाऊण इंचाच्या आसपासची जाडी आणि पाव किलोच्या आगेमागे वजन, एवढं या वयाला खूप झालं.

वेळू भरीव घ्या. पोकळ बांबू हलका लागतो, पण दुसऱ्या काठीवर आपटला की उभा चिरतो आणि चिरेची कड चाकूसारखी हात कापते. घेताना फरशीवर टोक आपटून आवाज ऐका. खणखणीत वाजला तर काठी चांगली, फाटक्या डब्यासारखा आला तर आत चीर आहे. मग एक डोळा मिटून टोकाकडून सरळ बघा. थोडा बाक चालतो, दोन बाक असलेली काठी हातात वळवळते.

घरी आणल्यावर अर्ध्या तासाचं काम आहे. पेरांवरच्या गाठी आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासा. काठीभर जुना सुती रुमाल फिरवून बघा. धागा अडकला तिथे कूस आहे, तिथे पुन्हा घासा. करडईचं किंवा जवसाचं तेल फडक्याने चोळा, रात्रभर मुरू द्या, सकाळी कोरडं पुसा, नाहीतर काठी हातातून सटकते. दोन्ही टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन-दोन इंचांचे तुकडे चढवा. टोक फुटत नाही आणि लागलं तरी कमी लागतं. लोखंडी कडी लहान मुलाच्या काठीला नको.

आता एक गोष्ट, जी बहुतेक घरांत राहून जाते. वेळूचा बुडखा जड आणि शेंडा हलका असतो, त्यामुळे काठीचा मध्य आणि तिचा तोल एका जागी नसतात. काठी एका बोटावर आडवी ठेवा आणि जिथे ती तरंगते तिथे रंगीत चिकटपट्टीचा एक वेढा द्या. तो बहुधा मध्यापासून बोटभर-दोन बोटं बुडख्याकडे निघतो. मुलानं पकडायचं ते तिथे. टेपमापानं काढलेल्या मध्यावर पकडलं की बुडखा दर फेरीला खाली ओढतो आणि नडगीवर बसतो.

काठी भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका, वाकते. आडवी ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवा, नाहीतर बुरशी धरते.

पहिले सहा आठवडे

पहिले दोन आठवडे हातात काठी नसावी. हे ऐकून पोरं हिरमुसतात, पालक त्याहून जास्त. पण लाठी पायावर चालते. अंगणात खडूनं दोन-दोन फुटांचं अधिकचं चिन्ह काढा. मूल मधोमध उभं राहील, पाय खांद्याएवढे फाकलेले, पुढचं पाऊल समोर, मागचं अर्धं बाहेर वळलेलं, गुडघे किंचित सैल. हा पवित्रा. आता एक पाऊल पुढच्या रेषेवर, मागचं त्याच्यामागे सरकत येतं. मग मागे, उजवीकडे, डावीकडे. पावलं एकमेकांना ओलांडत नाहीत आणि टाचा एकमेकींना चिकटत नाहीत. पाय चिकटला की त्या क्षणी मुलाला हलका धक्का दिला तरी ते पडतं. एकदा तसं करून दाखवा, पुन्हा सांगावं लागत नाही. चारही दिशांना दहा-दहा फेऱ्या, रोज.

तिसऱ्या आठवड्यात काठी. तळहात खाली, मूठ चिकटपट्टीवर, अंगठा आणि तर्जनी घट्ट, बाकीची तीन बोटं सैल. काठीचं टोक उजव्या अंगाला वरून पुढे आणि खाली उतरतं, मागून वर येतं, मग मनगट उलटवून तेच वर्तुळ डाव्या अंगाला. समोरून बघणाऱ्याला आडवा पडलेला आठ दिसायला हवा. एका हातानं वीस, मिनिटभर थांबून दुसऱ्या हातानं वीस, असे तीन वेळा. डावा हात पहिल्या दिवसापासून. नंतर शिकवू म्हणून राहिलेला डावा हात कायम मागे राहतो. वेग अजिबात नको. काठीचा आवाज 'सूं' असा यायला लागला तर मूल घाई करतंय.

पाचव्या आठवड्यापासून हात आणि पाऊल एकत्र, एक आठ आणि एक पाऊल. इथे जवळपास प्रत्येक मूल गडबडतं. पाऊल टाकताना हात थांबतो, हात फिरवताना पाय रुततो. तेव्हा काठी बाजूला ठेवून टाळी आणि पाऊल यांची सांगड दोन दिवस घाला, मग पुन्हा काठी. समोरासमोर काठीला काठी लावणं, शिर-तमाचा-बाहेरा असे वार घेणं, हे सहा आठवड्यांनंतरच. वारांची नावं आखाड्यागणिक थोडी बदलतात, ती आपल्या वस्तादांचीच घ्या.

चुका ओळखायच्या खुणा अशा. काठी कानावर लागते म्हणजे कोपर अंगाला चिकटलंय, कोपर आणि बरगड्यांत एक मूठ जागा सोडायला सांगा. हातातून उडते म्हणजे मनगट अर्ध्यातच थांबतंय किंवा तेल पुसलेलं नाही. करंगळीच्या बुडाला फोड येतो म्हणजे सगळी मूठ आवळली जातेय. मान सतत वळते म्हणजे मूल काठीकडे बघतंय. समोर भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला एक खूण करा आणि नजर तिथे ठेवून फिरवायला लावा.

अंग, खाणं, दुखापत

सरावाआधी पोट भरलेलं नको. जेवून दोन तास, किंवा अर्धा तास आधी एखादं केळं, गूळ-शेंगदाण्याचा लाडू. पाण्याची बाटली सोबत, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट, मे महिन्यात तर विचारायचंच नाही. खेळून आल्यावर दूध द्या. दूध कट्ट्यावर समोर काढून मिळणाऱ्या धारोष्ण दुधाची सवय कोल्हापूरकराला सांगायला नको, पण लहान मुलाला उकळलेलंच द्या. कच्च्या दुधातून येणारे आजार लहान पोटाला झेपत नाहीत.

हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली साखळी घरी. केस बांधलेले. चष्मा असेल तर मागून पट्टा. हाताला फोड आला तर फोडू नका, स्वच्छ कापड बांधा आणि दोन दिवस पवित्र्यावर काढा.

वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चा असते, हाड तिथूनच लांबतं. जड काठी आणि अति सराव यांचा भार आधी तिथे येतो. मनगट किंवा कोपर दाबल्यावर नेमक्या एका जागी दुखत असेल आणि विश्रांती घेऊनही हप्त्यात थांबत नसेल तर मालिश करत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. डोक्याला काठी लागली तर त्या दिवसाचा खेळ बंद. उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा वाढती डोकेदुखी यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही, कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो वा जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल, लगेच गाठायचं.

कुस्ती की कराटे की लाठी, असं बरेच जण विचारतात. लाल मातीची ओढ या गावाला आहेच, शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे. कुस्तीला घालत असाल तर त्वचेकडे लक्ष द्या. सरावानंतर लगेच आंघोळ, रोज धुतलेला लंगोट, नखं कापलेली. गजकर्णाचा गोल चट्टा दिसला की बरा होईपर्यंत तालमीतल्या मातीच्या हौद्यात उतरवायचं नाही, नाहीतर सगळ्या तालमीला होतो. कराटेत पट्ट्याच्या परीक्षा बघा. दर तीन महिन्यांनी सगळीच्या सगळी मुलं पास होत असतील तर तिथे फी पास होतेय.

तलवार, पट्टा आणि पहिलं प्रात्यक्षिक

२०२४ मध्ये राज्य शासनानं दांडपट्ट्याला, म्हणजे लांब लवचीक पात्याच्या तलवारीला, राज्यशस्त्र म्हणून घोषित केलं. अभिमानाचीच गोष्ट. पण पट्टा लहान मुलाचा नव्हे. त्याची मूठ लोखंडी खोबणीच्या आत असते आणि ती खोबण कोपरापर्यंत हात झाकते, म्हणजे मनगट जखडलेलं. वार फिरतो तो कोपरातून, खांद्यातून आणि कमरेतून. लाठीवर मनगट चुकलं तर मूल काठी सोडून देऊ शकतं, पट्ट्यात हात अडकलेला असल्यामुळे सोडता येत नाही. लाठीवर दोन-तीन वर्षं बसलेलं, खांदा भरलेलं, चौदा-पंधरा वर्षांचं मूल झालं की लाकडी किंवा बोथट पट्ट्यापासून सुरुवात. तलवारीचंही तसंच, आधी लाकडी.

डोळे बांधून लिंबू कापणं, पोटावरची काकडी तलवारीने दोन करणं, जळते टेंभे, हे बघायला गर्दी जमते. आपलं मूल खाली झोपणार असेल तर स्पष्ट नाही म्हणा. वस्ताद कितीही मुरलेले असोत, खाली झोपलेल्या लहान मुलाला शेवटच्या क्षणी शिंक येते, आणि ती कुणाच्या हातात नसते.

पहिलं प्रात्यक्षिक गटातलं, लाठीचं आणि तीन मिनिटांचं असावं. मिरवणुकीच्या रस्त्यावर मूल अनवाणी उभं राहणार, तर दुपारचं डांबर आधी स्वतःच्या तळव्याने बघा. तापलं असेल तर कॅनव्हासचे बूट घालू द्या, वस्ताद नाही म्हणत नाहीत. कडेला दोरी धरून चार मोठी माणसं उभी राहिली पाहिजेत, कारण मोबाइलवाले दहा फुटांचं पाच फूट कधी करतात ते कळत नाही. आणि हलगी वाजायला लागली की 'थांब' ऐकू येत नाही, तेव्हा थांबायची खूण आवाजाची न ठेवता वस्तादांच्या दोन्ही वर गेलेल्या हातांची ठेवा, आणि ती आधीचे पंधरा दिवस हलगी लावूनच घोटून घ्या.