डिफमध्ये न दिसलेला शून्य

ऐरोलीच्या पहिल्या नोकरीत माझ्याकडे लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, एका सिक्युरिटी हुकचा पॅच (कोडमधला बदल) रिव्ह्यूला आला. हुक म्हणजे एखादं काम होण्याआधी 'परवानगी आहे का' हे तपासणारं फंक्शन. तासाभरात 'ठीक आहे' कळवून मी ठाण्याची लोकल पकडली. दुसऱ्या दिवशी लीड मॅडम शेजारी येऊन बसल्या. "अगं, मेमरी मिळालीच नाही तर हे फंक्शन काय परत देतं?"

पाहिलं तर वर आरसी हे व्हेरिएबल, म्हणजे फंक्शन परत देणार तो आकडा, शून्य करून ठेवलेलं. नव्या ओळींत मेमरी मागितली होती. नाही मिळाली की गोटू आउट, म्हणजे थेट फंक्शनच्या शेवटाकडे उडी, आणि तिथून तोच शून्य बाहेर. हुकच्या हिशेबात शून्य म्हणजे परवानगी. नकार द्यायचा तर उणे आकडा लागतो, बहुतेकदा उणे १३ ('परवानगी नाही'). म्हणजे मेमरी संपली की तपासणी न होताच दार उघडं! शून्य करणारी ओळ जुनी होती आणि डिफ, म्हणजे काय बदललं त्याची यादी, बदलाच्या आजूबाजूच्या तीनच ओळी दाखवतो, म्हणून ती मला दिसलीच नाही.

नव्याने या कामाला लागणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: अख्खं फंक्शन वाचा. गिट शो या बदल दाखवणाऱ्या कमांडला मोठा डब्ल्यू (-W) दिला की ते पूर्ण दिसतं. बाहेर पडायची प्रत्येक वाट बोटाने धरून बघा: आरसी किती, लॉक सुटलं का, घेतलेली मेमरी परत केली का. मी अजूनही हे कागदावर करते.

मग हुक कुठून कुठून बोलावला जातो ते ग्रेप करा, म्हणजे सगळ्या कोडमध्ये शोधा. माझ्या मते खरा रिव्ह्यू इथे होतो. सेलिनक्स किंवा ॲपआर्मर या सुरक्षा मॉड्यूलची पॉलिसी कितीही कडक असो, एखाद्या वाटेवर हुकच नसेल तर तिला कुणी विचारत नाही. रीड आणि राइट या सिस्टिम कॉलमध्ये (प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतो तो मार्ग) फाइल परमिशनचा हुक होता, पण तेच काम करणाऱ्या रीडव्ही आणि राइटव्हीमध्ये तो राहून गेला होता. ही चूक २००६ मध्ये सुरक्षा त्रुटी म्हणून नोंदली गेली. म्हणून विचारत राहा, हेच काम आणखी कोणता सिस्टिम कॉल करतो?

हुक आत झोपू शकतो का, म्हणजे मधेच थांबून वाट पाहू शकतो का, हेही पाहा. फाइलचा पाथ शोधताना आरसीयूखाली (लॉक न घेता वाचायची पद्धत) तो झोपला तर चालत नाही.

पॅचमध्ये नवा हुक असेल तर कॉन्फिग सिक्युरिटी हा कर्नलचा पर्याय बंद ठेवूनही एकदा बिल्ड करा. तेव्हा हुकच्या जागी लागणारं रिकामं स्टब फंक्शन लिहायचं राहिलं असेल तर ते तिथे लगेच कळतं.