तळ्यातल्या डायव्हिंगसाठी कयाक: दुकानात बसून नाही, पाण्यातून चढून बघा

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लहानमोठी ११ हजारांहून जास्त तळी आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांवर डायव्हिंगची बोट नसते. हिगिन्स लेकचंच बघा. काठापासून बरंच आतपर्यंत उथळ वाळू, आणि मग तळ एकदम खाली उतरतो. बघण्यासारखं असतं ते त्या उताराजवळ. पाठीवर टँक घेऊन तिथवर पाणी तुडवत जायची हौस एका दिवसात फिटते, म्हणून कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान, अरुंद होडी. सर्टिफिकेट, सोबती, सूट हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो.

आत पाय घालून बसायची बंद कयाक नको. एकदा पाणी भरलं की ती तुम्हाला परत आत घेत नाही. वर बसायची, सिट-ऑन-टॉप प्रकारची, जाड प्लास्टिकची घ्या: लांबी १२ ते १४ फूट, रुंदी ३० इंच किंवा थोडी जास्त. अरुंद कयाक वेगाने जाते हे खरं, पण तुम्हाला अर्धा मैल जायचंय, शर्यत जिंकायची नाही. रंग भडक असू द्या.

आता वजन. माहितीपत्रकावर क्षमतेचा आकडा असतो, तो साधारणपणे कयाक तरंगत राहण्याचा असतो, नीट चालण्याचा नव्हे. मी त्यातले सत्तर टक्केच खरे मानतो. माझा हिशेब असा: मी ७८ किलो, भरलेला अ‍ॅल्युमिनियम ८० (डायव्हिंगचा नेहमीचा हवेचा टँक) १८, बीसीडी (टँक जिला जोडतात ते हवा भरायचं जॅकेट) आणि रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडात देणारं यंत्र) ६, ओला ७ मिलिमीटरचा सूट ६, पाण्याखाली जायला लागणारं शिसं ८, फिन्स (पायातली वल्ही) आणि मास्क ३, नांगर-दोर ४, पाणी आणि डबा २. झाले १२५. म्हणजे क्षमता निदान १८० किलो हवी. उन्हाळ्यातही काही मीटर खाली पाणी एकदम गार होतं, त्यामुळे पातळ सूट घालून वजन वाचवायचा विचार सोडा. तुम्ही अंगापिंडाने भारी असाल तर सरळ दोघांची कयाक घ्या आणि एकट्याने वापरा. दोघांनी दोन टँक घेऊन एकाच कयाकवर बसायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना आधी स्वतः करून दाखवायला सांगा.

खरी गोची यापुढे आहे. तारकर्लीला मी पहिल्यांदा डाइव्ह केला तेव्हा होडीवरच्या दादांनी टँक पाण्यातच काढून घेतला आणि मला दंडाला धरून वर ओढलं. इथे वर ओढायला कोणी नसतं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सेलमध्ये दहा फुटी कयाक मिळाली, दुकानातल्या माणसाने तिच्यावर बसवून ‘मस्त फिट आहे’ म्हटलं, मी घेऊन आलो. जाताना बूड ओलं झालं, तेवढंच. डाइव्ह संपल्यावर मात्र कडेने टँक वर ओढायला गेलो आणि कयाक माझ्याच अंगावर उलटली. टँक बांधलेला होता म्हणून राहिला, शिशाचे दोन खिसे तळाला गेले. शेवटी सोबत्याने आणि मी ती उलटीच ढकलत उथळ पाण्यात आणली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. काहीही अंगावरून काढण्याआधी ते दोरीने कयाकला अडकवायचं. पहिलं शिसं वर, आणि तेही मधोमध, बैठकीजवळ. मागे ठेवलं तर शेपूट बुडते. मग बीसीडीत हवा भरायची, ती काढून मागे बांधलेली तरंगत ठेवायची. फिन्स पायातच. दोन्ही हात पलीकडच्या काठावर, जोरात लाथा मारायच्या, पोटावर आडवं पडायचं, वळून बसायचं आणि लगेच दोन्ही पाय दोन बाजूंना पाण्यात सोडायचे. पाय बाहेर असले की कयाक बरीच स्थिर होते. यानंतर टँक मांडीवरून फिरवून मागच्या खोलगट जागेत ढकलायचा. वारा नसेल तर मी तेही करत नाही, बीसीडी तशीच मागे बांधून कंबरभर पाण्यापर्यंत ओढत आणतो. यात कमीपणा काही नाही.

हा क्रम डोळ्यासमोर ठेवून कयाक बघा, म्हणजे अर्ध्या कयाक आपोआप बाद होतील. मासेमारीवाल्यांच्या उंच खुर्चीच्या कयाक तर नकोच. खुर्ची पोटात घुसते आणि गळ अडकवायच्या खुंट्यांना बीसीडीचे पट्टे गुंततात. मधला भाग मोकळा हवा. मागच्या जागेत टँक पूर्ण आडवा मावला पाहिजे. त्याची लांबी ६६ सेंटिमीटर, वर व्हॉल्व्हची जागा वेगळी. उभा किंवा तिरका टँक म्हणजे वजन वर, आणि वजन वर म्हणजे उलटण्याची तयारी. बांधायला चार पक्क्या कड्या हव्यात. नुसत्या रबरी दोरीवर माझा विश्वास नाही.

मग स्वतःचं सगळं सामान घेऊन भाड्याने किंवा चाचणीसाठी मागा आणि पाय टेकणार नाहीत इतक्या पाण्यात, पण काठाजवळ, सोबत्याला शेजारी ठेवून पाच वेळा चढा-उतरा. पहिल्या वेळी सगळ्यांनाच जमतं. निर्णय पाचव्या वेळी करा, हात दमलेले असताना. बैठकीत पाणी साचून राहिलं तर निचऱ्याच्या भोकांना बुचं लावून काम भागवू नका, मोठी कयाक बघा. पाण्यात उतरून बघू देत नसतील तर दुकान बदला.

बाकीचं सोपं. घडीचा नांगर, ३० मीटर दोर, लाइफ जॅकेट, चाकांची गाडी. लाल कापडावर पांढऱ्या तिरक्या पट्ट्याचा झेंडा लावा. मिशिगनच्या कायद्याप्रमाणे तो निदान १४ बाय १६ इंचांचा हवा आणि बोटींनी त्यापासून २०० फूट लांब राहायचं असतं. शनिवारी दुपारी स्पीडबोटवाल्यांना हे आठवतंच असं नाही, म्हणून मी सकाळी सातला पाण्यात असतो.

तळं बदलण्याआधी कयाकची भोकं, नांगराचा दोर आणि बीसीडीच्या आतलं पाणी काढून सगळं खडखडीत वाळवा. झेब्रा शिंपले हे तळ्यातून तळ्यात पसरणारे परके शिंपले, आणि त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत.