टेनिसच्या सामन्यावर पैसे लावण्याआधी: दोन मंच शेजारी ठेवून काय पाहायचं

मी स्लाऊला राहतो, माझी चुलत बहीण न्यू जर्सीत एडिसनला. ग्रँड स्लॅम आली की आमचे फोन वाढतात. आता त्यात भावांची चर्चाही असते, कारण तिच्याकडे कॅलशी आहे (निकालावर करार घ्यायचा-विकायचा अमेरिकी मंच) आणि माझ्याकडे बेटफेअर एक्स्चेंज (लोक एकमेकांविरुद्ध पैसे लावतात तो ब्रिटनमधला मंच). सामना एकच, भाव दोन. मग "तुझ्याकडे स्वस्त की माझ्याकडे?" हा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर देण्याआधी मी ज्या गोष्टी ज्या क्रमाने तपासतो, त्या इथे लिहितो आहे.

आधी, तुम्ही कुठे बसला आहात? भारतात असाल तर तयारी इथेच थांबते. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. सुट्टीला पुण्यात गेलात तरी तोच कायदा लागू, तेव्हा व्हीपीएनच्या वाटेला जाऊ नका. ब्रिटनमध्ये मंचाकडे गॅम्बलिंग कमिशनचा परवाना हवा. अमेरिकेत कॅलशी कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनच्या, म्हणजे केंद्रीय नियामकाच्या देखरेखीखाली आहे. पण क्रीडा सौद्यांवरून नेवाडा, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांशी तिचे कोर्टात वाद झाले आहेत, म्हणून आपल्या राज्यात आज काय चालू आहे ते ताजं पाहायचं. कॅलशीसारख्याच पॉलीमार्केट या मंचाला याच नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये १४ लाख डॉलरचा दंड केला होता. नंतर परवानाधारक एक्स्चेंज विकत घेऊन त्यांनी अमेरिकेत परतायची वाट काढली. तिथे राहणाऱ्याने अमेरिकेसाठीचं अ‍ॅप आणि क्रिप्टोवर चालणारा आंतरराष्ट्रीय मंच यांत गल्लत करू नये.

तुम्ही किंवा घरातलं कोणी खेळाडू, प्रशिक्षक, लाइन अंपायर असाल, किंवा स्पर्धेचं ओळखपत्र गळ्यात घालून काम करत असाल, तर टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी नियमावलीत तुमच्यासाठी काय लिहिलंय ते वाचा. टेनिसवर पैसे लावायला तिथे सक्त मनाई आहे. बालेवाडीच्या स्पर्धेत हौसेने काम केलेली बरीच मुलं आज परदेशात आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते: सामना अर्धवट राहिला तर पैशांचं काय होतं? भाव पाहण्याआधी हे वाचा. ७ जुलै २०२५, विम्बल्डन, चौथी फेरी. ग्रिगॉर दिमित्रोव्ह यानिक सिनरविरुद्ध ६-३, ७-५ असा दोन सेट पुढे होता, तिसऱ्यात २-२. छातीच्या स्नायूला दुखापत झाली आणि त्याला सामना सोडावा लागला. सिनर पुढच्या फेरीत गेला आणि नंतर विजेताही झाला. बेटफेअर एक्स्चेंजचा नियम असा: एक सेट पूर्ण झाल्यावर कोणी सामना सोडला तर पुढच्या फेरीत जाणारा विजेता धरायचा, त्याआधी सोडला तर सगळे सौदे रद्द. म्हणजे त्या दिवशी हरत आलेल्या सिनरवर लावणाऱ्यांना पैसे मिळाले. काही बुकमेकर संपूर्ण सामना खेळून झाला तरच सौदा धरतात, तिथे त्याच सामन्याचे पैसे नुसते परत मिळाले असते. पॉलीमार्केटवर काही ठरावीक परिस्थितींत बाजार ५०-५० असा, म्हणजे दोन्ही बाजूंना ५०-५० सेंट देऊन, मिटवण्याची तरतूद असते. समजा जिंकल्यास एक डॉलर देणारा करार तुम्ही ७० सेंटला घेतला आणि बाजार तसा मिटला, तर प्रत्येक कराराचे २० सेंट गेले. कॅलशीवर त्या त्या बाजाराच्या खाली नियम दिलेले असतात.

म्हणून वहीत मंचांच्या नावांखाली चार प्रश्नांची उत्तरं लिहा. सामना सुरूच झाला नाही तर? पहिल्या सेटमध्ये कोणी सोडला तर? पावसाने दुसऱ्या दिवसावर गेला तर? प्रतिस्पर्धी बदलून लकी लूझर (पात्रता फेरीत हरूनही कोणाच्या माघारीमुळे जागा मिळालेला खेळाडू) आला तर? ज्याच्या मांडीला पट्टी दिसते आहे अशा खेळाडूच्या सामन्यात ही उत्तरं भावातल्या दोन-तीन सेंटपेक्षा जास्त मोलाची असतात.

मग भाव. बहिणीच्या पडद्यावर ६२ सेंट, माझ्याकडे १.६०, म्हणजे एक पौंड लावून जिंकलो तर मुद्दलासकट १.६० परत. एकाला १.६० ने भागलं की ६२.५ टक्के येतात, म्हणून तिचा भाव स्वस्त वाटतो. आता खर्च घाला. कॅलशीचं नेहमीचं सूत्र: ०.०७ गुणिले भाव गुणिले एक वजा भाव. ६२ सेंटच्या १०० करारांवर ते १ डॉलर ६५ सेंट होतं, म्हणजे करार पडला ६३.६५ सेंटला. बेटफेअर निव्वळ नफ्यावर कमिशन घेतं. ते ५ टक्के धरलं तर १.६० चे हातात १.५७ उरतात, म्हणजे ६३.७ टक्के. फरक जवळजवळ संपला! सामना चालू असतानाच बाहेर पडायचा विचार असेल तर गणित पुन्हा बदलतं, कारण कॅलशीवर विकतानाही शुल्क लागू शकतं. बेटफेअरवर त्या बाजारात तोटा झाला तर कमिशन नाही. मी हा हिशोब दर वेळी कागदावर करतो, डोक्यात करायला गेलं की कमिशन विसरलं जातं.

भावामागे माल किती आहे, म्हणजे त्या भावाने किती घेता-विकता येईल, तेही पाहा. ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत खरेदी आणि विक्रीच्या भावांत अंतर कमी असतं. खालच्या पातळीवरच्या चॅलेंजर स्पर्धेच्या सकाळच्या सामन्यात ते मोठं असू शकतं. तिथे "मिळेल त्या भावाने" घेऊ नका, आपला भाव लिहून थांबा.

चालू सामन्यात हात घालणार असाल तर तुमचं प्रक्षेपण मागे आहे हे धरूनच चाला. अंपायर गुण नोंदवतो तो आकडा काही सेकंदांत बाजारात पोचतो. तुम्ही सर्व्हिस पाहत असता तेव्हा पलीकडच्याला निकाल कळलेला असतो. आणि "आता संपलंच" म्हणून ९७ सेंटला घ्यायचा मोह झाला तर ८ जून २०२५ चा पॅरिसचा अंतिम सामना आठवा. अल्काराझ चौथ्या सेटमध्ये ३-५, ०-४०, सिनरकडे विजेतेपदाचे तीन गुण. सामना पाच तास एकोणतीस मिनिटं चालला आणि अल्काराझ जिंकला.

पैसे टाकण्याआधी काढायची वाट तपासा: ओळखीची कागदपत्रं मंजूर झाली का, पैसे बँकेत किती दिवसांत येतात. पॉलीमार्केटच्या आंतरराष्ट्रीय मंचावर व्यवहार डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात होतो, तेव्हा क्रिप्टोतून बँकेपर्यंतचा टप्पा आणि त्याचा खर्च आधी पाहून घ्या. जमा रकमेची मर्यादा सामन्याच्या आदल्या दिवशी, डोकं थंड असताना लावा. ती वाढवावीशी वाटू लागली, घरच्यांपासून लपवावंसं वाटू लागलं, तर ब्रिटनमध्ये गॅमस्टॉपवर नाव नोंदवून सगळी परवानाधारक खाती एकदम बंद करता येतात. अमेरिकेत १-८००-गॅम्बलर ही मदतवाहिनी आहे. हा क्रमांक मी बहिणीच्या फोनमध्ये स्वतः घालून दिला आहे, तिने माझ्यात गॅमस्टॉपचा पत्ता.

शेवटचं काम सामन्याच्या अर्धा तास आधी. दिवसाचं वेळापत्रक पुन्हा उघडा, नावं तीच आहेत ना पाहा, आणि आदल्या रात्री लावून ठेवलेली, न लागलेली प्रत्येक ऑर्डर रद्द करा. मी एकदा ते विसरलो होतो. सकाळी खेळाडूच्या पाठदुखीची बातमी आली, भाव कोसळला, आणि रात्रीच्या भावाने माझी ऑर्डर तेवढी पूर्ण झाली. तेव्हापासून फोनवर गजर लावलेला असतो.