केअर प्लॅनवर ओरेमचं नाव टाकण्याआधी

नर्सिंग शिकताना वॉर्डातल्या एकेका रुग्णावर तुम्ही केस स्टडी लिहिता. त्या फाइलमध्ये शेवटाकडे एक पान असतं, ओरेमसारख्या कुणाची तरी नर्सिंग थिअरी रुग्णाला लावून दाखवायचं. ‘अ‍ॅप्लिकेशन ऑफ थिअरी’ असा मथळा, खाली चार चौकोन, त्यांना जोडणारे बाण, आणि एका चौकोनात रुग्णाचं वय आणि डायग्नोसिस. ते पान फाइलमधून काढून बघा. उरलेल्या केअर प्लॅनमध्ये, म्हणजे या रुग्णासाठी काय करायचं त्या आराखड्यात, एकही ओळ बदलावी लागत नसेल तर थिअरी वापरलेली नाही, नुसती चिकटवलेली आहे.

नर्सिंग प्रोसेसच्या पाच पायऱ्या (असेसमेंट म्हणजे तपासणी-विचारपूस, डायग्नोसिस, प्लॅनिंग, प्रत्यक्ष काम, इव्हॅल्युएशन) आणि मेटापॅराडाइमचे चार शब्द (माणूस, आरोग्य, परिसर, नर्सिंग) तुम्हाला येतात असं मी धरून चालते. थिअरी त्यातल्या पहिल्याच पायरीवर कामाला लागते. असेसमेंटला रुग्णाशेजारी उभं राहून काय विचारायचं, हे ती ठरवते. प्लॅन लिहून झाल्यावर थिअरी शोधायला बसलात तर विचारायचे प्रश्न राहून गेलेले असतात, आणि तोवर रुग्णाला डिस्चार्जही मिळालेला असतो.

कुठली थिअरी घ्यायची यात फार वेळ घालवू नका. (पुढची नावं ती ती थिअरी मांडणाऱ्या नर्सची आहेत.) पहिल्या वर्षी, हात अजून थरथरत असताना, हेंडरसनच्या चौदा गरजा पुरतात. डोक्यापासून पायापर्यंत काही सुटत नाही. सायकियाट्रीच्या पोस्टिंगला पेपलॉ (१९५२), कारण तिथे नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हीच ट्रीटमेंट असते. कम्युनिटीला न्यूमन, प्रतिबंधाच्या तीन पातळ्यांसाठी. शरीर किंवा आयुष्यातली जागा एकदम बदललेल्या रुग्णाला, म्हणजे पाय कापलेला, स्टोमा (मलमूत्रासाठी पोटावर काढलेली वाट) झालेली, स्तन काढलेली, अशांना रॉय, बदलाशी जुळवून घेण्यासाठी. मेडिसिन आणि सर्जरी वॉर्डात, जिथे माणूस चार दिवसांनी घरी जाऊन स्वतःचं स्वतः करणार आहे, तिथे ओरेम. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ओरेम लावून ‘होली कॉम्पेन्सेटरी’ (सगळं नर्सनेच करायचं) लिहिता येतं, चूक नाही, पण त्या एका शब्दापुढे सांगण्यासारखं फार काही उरत नाही.

आता ओरेमकडे येते, कारण फाइलींत सगळ्यात जास्त तीच असते आणि सगळ्यात जास्त चुकतेही तीच.

डोरोथिया ओरेमचं पुस्तक १९७१ चं. गाभा दोन शब्दांत आहे: गरज आणि कुवत. या माणसाला तब्येत सांभाळायला आत्ता काय काय करावं लागेल, ही गरज. त्यातलं किती तो स्वतः करू शकतो, ही कुवत. गरज कुवतीपेक्षा मोठी झाली की मधली तूट म्हणजे सेल्फ-केअर डेफिसिट. इथे पहिला गोंधळ होतो. नांदाच्या, म्हणजे नर्सिंग डायग्नोसिसच्या प्रमाणित यादीत अंघोळ, कपडे, जेवण आणि शौच यांचे ‘सेल्फ-केअर डेफिसिट’ वर्षानुवर्षं येत आले; तेवढं लिहिलं की ओरेम झाली असं वाटतं. नांदातलं ते एक लेबल आहे, ओरेमची तूट त्याहून बरीच रुंद आहे. इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा न दिसणं हीसुद्धा तूटच.

सगळ्यांना लागणाऱ्या गरजा तिने आठ सांगितल्या: हवा, पाणी, अन्न, मलमूत्र, हालचाल आणि विश्रांतीचा तोल, एकांत आणि सहवासाचा तोल, धोक्यांपासून बचाव, आणि चारचौघांसारखं जगणं. पहिल्या चार सगळे भरतात, कारण व्हायटल्स (नाडी, ताप, रक्तदाब) आणि इनटेक-आउटपुट चार्टवर आकडे आयते मिळतात. सहावी आणि आठवी कोरी राहते. मधुमेहाच्या बाईला ‘लग्नाकार्यात पंगतीला बसता का?’ हे कुणी विचारत नाही, आणि शुगर तिथेच बिघडते. वयानुसार येणाऱ्या आणि आजारामुळे आलेल्या गरजा या आठांवर आणखी.

आता खड्डा. यात मीही होते, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

‘करू शकत नाही’ हे एकच उत्तर नसतं. ओरेमने माणसाच्या मर्यादा तीन जातींच्या सांगितल्या आहेत. एक, माहीतच नाही. दोन, माहीत आहे पण ठरवता येत नाही, निर्णय चुकतो किंवा घेतला जात नाही. तीन, माहीत आहे, ठरवलंही आहे, पण हातून होत नाही: ताकद नाही, दिसत नाही, वस्तू नाही. आपण फाइलीत काय करतो? तिन्हींना ‘नॉलेज डेफिसिट’ म्हणतो आणि शेवटच्या रकान्यात ‘हेल्थ एज्युकेशन गिव्हन’ लिहून मोकळे होतो. तीनांपैकी दोन वेळा तो इलाज भलत्याच दुखण्यावर असतो.

उदाहरण धरा. ६२ वर्षांच्या आजी, शेतमजूर, डाव्या तळव्याला जखम, मधुमेहाच्या गोळ्यांवरून प्रिमिक्स्ड (दोन प्रकारचं आधीच मिसळलेलं) ह्यूमन इन्सुलिनवर आलेल्या: सकाळी २० युनिट, रात्री १०. चार दिवसांत घरी जाणार.

‘आजी, सुई किती घ्यायची?’

‘सकाळी वीस, राती धा.’

उत्तर बरोबर आलं की आपलं पेन चालू लागतं. तिथेच थांबा. बाटली आणि सिरिंज त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, ‘आता भरून दाखवा.’ मधे बोलू नका, हात पुढे करू नका, फक्त बघा. ढगाळ बाटली तळहातांत हळू फिरवतात की औषधाच्या बाटलीसारखी खळाखळा हलवतात? जेवढं इन्सुलिन काढायचं तेवढी हवा आधी आत सोडतात का? बुडबुडा काढतात का? आणि नजर कोणत्या रेघेवर थांबते? आजी २६ वर थांबल्या आणि ‘झालं वीस’ म्हणाल्या, तर माहिती पक्की आहे. मोतीबिंदूमुळे रेघ दिसत नाही. ही तिसऱ्या जातीची मर्यादा. इथे चार्ट-पेपरवर रंगीत चित्रं काढून अर्धा तास शिकवलंत तरी त्या उद्याही २६ वरच थांबणार.

मग काय करायचं, तर दुसऱ्याचा हात शोधायचा. ओरेममध्ये याला डिपेंडंट-केअर म्हणतात. नातू भरून देणार असेल तर आता त्याची कुवत तपासायची, अगदी त्याच पद्धतीने, त्याच्याकडून भरून घेऊन. टकटक आवाजावर डोस मोजता येणारं पेन परवडतं का, हे घरच्यांना आणि डॉक्टरांना विचारायचं. डोळ्यांच्या ओपीडीचा रेफरन्सही याच ओळीत येतो. बघा, एका मर्यादेची जात ओळखली आणि इंटरव्हेन्शनचा अख्खा रकाना बदलला.

सिरिंजचं टोपण बघायला विसरू नका. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक ४० युनिट प्रति मिली असतात, त्यांना लाल टोपणाची सिरिंज. १०० च्या इन्सुलिनला केशरी टोपण. ४० च्या बाटलीतून केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर ०.२ मिली जातं, म्हणजे फक्त ८ युनिट. उलटं झालं, १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत, तर ०.५ मिली म्हणजे ५० युनिट. अडीचपट. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवणं नातवाकडूनही करवून घ्या. मेडिकलवाला शिल्लक असेल ती सिरिंज देतो.

आता याच आजींची दुसरी मर्यादा. ‘सुईनंतर अर्ध्या तासात जेवायचं’ हे त्यांना पाठ आहे. पण घरी गेल्यावर कामावर जायची गाडी सहाला येणार, सुई साडेपाचला, भाकरी बांधावर दहाला. म्हणजे नऊ वाजता घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येणार. ही माहितीची तूट नाही, निर्णयाची आहे, आणि त्या निर्णयामागे मजुरी आहे. इथे ‘वेळेवर जेवत जा’ हा सल्ला देणाऱ्याला मी नर्स म्हणणार नाही. सोबत बसून ठरवायचं: रात्रीची भाकरी आणि दूध साडेपाचनंतर लगेच जमेल का? नसेल तर कामाच्या वेळा डॉक्टरांना सांगायच्या. डोस आणि वेळ बदलणं हा त्यांचा निर्णय, पण ही खबर राउंडला तुमच्याकडूनच गेली पाहिजे. कनवटीला साखरेची पुडी: त्रास जाणवला की तीन चहाचे चमचे, साधारण १५ ग्रॅम, पाण्यात, पंधरा मिनिटांत बरं नाही वाटलं तर पुन्हा तेवढीच, मग पोटात काहीतरी. शुगर-फ्रीची पुडी याला चालत नाही, हे शब्दांत सांगावं लागतं.

खरी माहितीची तूट कुठे सापडली? बाटली ठेवण्यात. घरात फ्रिज नाही. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. फोडलेली सावलीत, तीस अंशांच्या आत, २८ दिवस. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हे जमणार नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, पिशवी डब्यात, डबा माठाच्या गारव्यात. हे शिकवलं की झालं, आणि इथे ‘हेल्थ एज्युकेशन’ हा शब्द शोभतो.

ओरेमच्या सिस्टीमचं, म्हणजे कोणी किती करायचं याचं, तेच. होली कॉम्पेन्सेटरी, पार्टली कॉम्पेन्सेटरी (काही आपण, काही रुग्णाने) आणि सपोर्टिव्ह-एज्युकेटिव्ह (करायचं रुग्णाने, शिकवायचं आपण) यांपैकी एक अख्ख्या रुग्णाला लावू नका. ती एकेका गरजेला लावायची असते. आजींच्या तळव्याचं ड्रेसिंग त्यांना दिसतच नाही, ते पूर्ण आपण. सुई भरणं दुसऱ्याने, टोचणं त्यांनी. जागा आधीच्या टोचण्यापासून बोटभर लांब. बाटली सांभाळणं त्यांचं, शिकवणं आपलं. एकाच खाटेवर तिन्ही. सगळ्यांना सरसकट ‘पार्टली’ लिहिणं ही मधल्या मार्गाची सोय आहे, आणि एक्झामिनरला ती लगेच दिसते.

कुवतीपेक्षा जास्त मदत करणं हीसुद्धा चूकच, आणि ती प्रेमाने होते म्हणून लवकर कळत नाही. लकव्याच्या काकांचा उजवा हात गेलाय, डावा शाबूत आहे. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा नाही, हे ठीक. पण ती पास झाल्यावरही सून घास भरवते, मावशी अंग पुसतात, आपण सदरा चढवतो, आणि आठव्या दिवशी काका डाव्या हातानेही काही करत नाहीत. ताट डाव्या बाजूला सरकवा, खोलगट चमचा द्या. सदरा चढवताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. हे त्यांना शिकवा आणि दोन मिनिटं जास्त लागू द्या. ही दोन मिनिटं सकाळच्या ड्युटीला मिळत नाहीत, खरं आहे. संध्याकाळी मिळतात.

रॉयबद्दल थोडंच. फोकल, कॉन्टेक्स्चुअल, रेसिड्युअल या तीन उद्दीपनांत मुलं अडकतात. पाय कापला गेला, हे फोकल. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हे कॉन्टेक्स्चुअल. ‘आता मी घरावर ओझं’ असं काही आत असेल, पण अजून खात्री नाही, ते रेसिड्युअल. खात्री झाली की ते कॉन्टेक्स्चुअलमध्ये सरकतं. एवढं कळलं तरी पुरे.

लायनिंगरची रीतिरिवाजांवरची थिअरी मात्र आपल्याकडच्या पोस्टनेटल (बाळंतिणींच्या) वॉर्डासाठीच लिहिली असावी असं मला वाटतं. तिचे तीन मार्ग: आहे ते जपा, थोडं तडजोडीने बदला, मुळातून बदला. डिंकाचे-अळिवाचे लाडू जपा, सासूबाईंना तसं मोकळेपणाने सांगा. काजळाबाबत तडजोड: डोळ्यांत नको, तीट तळपायाला लावा. चिकाचं दूध पिळून टाकणं आणि बंद खोलीतली शेगडीची धुरी, हे मुळातून बदलायचं. क्रम महत्त्वाचा. आधी लाडवाचं कौतुक, मग काजळ, शेवटी चीक. चिकापासून सुरुवात केलीत तर आजी-सासू तुमचं पुढचं ऐकत नाहीत, आणि मला त्यात त्यांची चूक वाटत नाही.

सीनियरांच्या तयार फाइली आणि मोबाइलवर मिळणारे केअर प्लॅन याबद्दल माझं मत कडक आहे. मांडणी बघायला घ्या, असेसमेंटचा रकाना झाकून. त्यातलं ‘रिलेटेड टू वीकनेस’ (अशक्तपणामुळे) हे कारण तुमच्या रुग्णाचं नाही. नावं, सालं, मॉडेलच्या आकृत्या व्हायव्हासाठी (तोंडी परीक्षेसाठी) लागतात. त्या एका रात्रीत पाठ होतात, त्यांचं दडपण वर्षभर बाळगू नका. आकृतीत बाण किती ते मोजणाऱ्या गाइडपेक्षा तुमच्या प्रत्येक ओळीनंतर ‘मग?’ विचारणारा गाइड बरा, जरी त्याच्यासमोर घाम फुटला तरी. आणि वॉर्डातल्या जुन्या सिस्टर ‘आम्हाला नाही बाई थिअरी येत’ म्हणतात, त्यांच्या मागे एक संध्याकाळ फिरा. रुग्णाच्या हातात पाण्याचा मग देऊन त्या दोन पावलं मागे का सरकतात, ते बघा.

उद्दिष्ट लिहिताना ‘ज्ञान वाढेल’ नको. ‘शनिवार सकाळपर्यंत नातू आपल्यासमोर लागोपाठ तीनदा २० युनिट बरोबर भरेल’ असं लिहा. दोनदाच जमलं तर तसंच लिहा; इव्हॅल्युएशनमध्ये ‘गोल पार्शली मेट’ लिहिल्याने कुणी नापास करत नाही. आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीकडे रुग्ण सोपवताना, थिअरीचं नाव घ्यायची गरज नाही. ‘बेड १४. ड्रेसिंग आपण. सुई नातू भरतो, आज दोनदा बरोबर, एकदा बुडबुडा राहिला; टोचतात आजी. साखरेची पुडी दाखवली, सकाळी कुठे ठेवलीय ते विचारा.’