ज्वारी-गव्हाच्या पौष्टिक कुकीज घरी कशा कराव्यात

सोलापूरच्या स्वयंपाकघरात ज्वारीचे पीठ बहुधा असतेच, तरीही कुकीज करायच्या म्हटल्या की मैद्याचा पुडा आणायला कोणाला तरी दुकानात पिटाळले जाते. मैद्याच्या कृतीत केवळ पीठ बदलून ज्वारीच्या कुकीज मात्र होत नाहीत. ज्वारीत ग्लुटेन (पीठ बांधून ठेवणारे गव्हातील प्रथिन) नसल्यामुळे तिला स्वतःची पकड नसते, आणि कोंड्यासकट दळलेले कोणतेही पीठ पाणी जास्त, पण सावकाश शोषते. म्हणून पिठाची निवड, मळण्याची पद्धत आणि भाजण्याचा वेळ या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

पिठापासून सुरुवात करू. आपल्याकडे घरोघरी येते ती रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू. त्यातील मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झाला, तर मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या ज्वारीचे पीठ पांढरे आणि चवीला गोडसर असल्यामुळे कुकीजसाठी ते उत्तम. दळण बारीक आणावे. जाडसर पिठाची कुकी खाताना दाताखाली रवाळ लागते. गिरणीत आपल्या आधी हरभऱ्याची डाळ दळली गेली असेल, तर थोडे थांबून दुसऱ्या कोणाच्या ज्वारीमागे आपला डबा लावावा, कारण डाळीच्या पिठाचा वास गोड पदार्थात लपत नाही. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे भाकरीला लागणारा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना तुटते. कुकीजना विरीची गरज नसल्याने भाकरीला न चालणारे पीठ येथे चालते, मात्र ते खवट झालेले नसावे. धान्याचा अंकुरही दळला जात असल्याने अशा पिठात तेलाचा अंश असतो आणि उन्हाळ्यात ते लवकर बिघडते. म्हणून चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून पाहावे; कडवट लागल्यास ते वापरू नये.

साधारण २२ ते २४ कुकीजसाठी १२० ग्रॅम ज्वारीचे पीठ, ८० ग्रॅम न चाळलेली कणीक, १०० ग्रॅम थिजलेले साजूक तूप, १०० ग्रॅम बारीक चिरलेला किंवा किसलेला गूळ, ४० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, एक टेबलस्पून तीळ, पाव टीस्पून खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, अर्धा टीस्पून वेलची पूड आणि लागेल तसे दोन ते तीन टेबलस्पून थंड दूध घ्यावे. वाटीऐवजी वजनकाटा वापरणे बरे, कारण दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या वाटीतील पिठात बराच फरक पडतो. गुळाविषयी एक स्पष्ट करायला हवे: चव आणि रंग यांसाठी तो येथे साखरेपेक्षा सरस आहे, पण शरीराच्या हिशेबी तीही साखरच. या कुकीजचा पौष्टिकपणा कोंड्यासह असलेले धान्य, तीळ आणि दाणे यांच्यामुळे आहे, त्यामुळे ‘गुळाच्या आहेत’ म्हणून डबा रिकामा करण्याचे कारण नाही.

प्रथम ज्वारीचे पीठ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटे सतत हलवत भाजावे. त्याचा रंग बदलू द्यायचा नाही. कच्चा वास जाऊन खमंग वास सुटला की ते लगेच ताटात पसरावे आणि पूर्ण गार होऊ द्यावे, अन्यथा कोमट पिठाने तूप वितळते. शेंगदाणे सोलून जाडसर कुटावेत. शेंगा चटणीसाठी आपण दाण्यांना तेल सुटेपर्यंत कुटतो. येथे नेमके त्याच्या उलट, तेल सुटण्यापूर्वीच हात थांबवावा. मिक्सर वापरणार असाल तर तो थांबत-थांबत फिरवावा.

तूप आणि गूळ एकत्र करून हाताने किंवा बीटरने चार-पाच मिनिटे फेसावे, म्हणजे मिश्रण फिकट आणि हलके होते. गुळाचे बारीक खडे राहिल्यास भाजताना ते वितळून तळाशी चिकटतात, म्हणून ते बोटांनी मोडून घ्यावेत. दोन्ही पिठे, सोडा, मीठ आणि वेलची पूड एकत्र चाळून, चाळणीत राहिलेला कोंडा परत त्यातच मिसळावा. चाळण्याचा हेतू सोडा सर्वत्र पसरावा एवढाच आहे. मग पीठ, दाणे आणि तीळ फेसलेल्या तुपात घालून, चमचा-चमचा दूध शिंपडत गोळा जमेल इतपतच एकत्र करावे. पोळीच्या कणकेसारखे तिंबू नये, कारण तिंबल्याने गव्हातील ग्लुटेन ताणले जाते आणि कुकी खुसखुशीत होण्याऐवजी चिवट होते.

गोळा झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. ही पायरी गाळण्याचा मोह होतो, पण कोंड्याला दूध शोषायला हा वेळ लागतो. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा येथे तूप थिजलेले राहत नाही आणि मऊ गोळ्याच्या कुकीज ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटतात.

ओव्हन १६० अंश सेल्सिअसला दहा मिनिटे तापवावा. २० ग्रॅमचे गोळे करून ते सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे चपटे करावेत आणि बटर पेपरवर दोन बोटांचे अंतर राखून मांडावेत. कडांना चिरा पडत असतील तर पीठ कोरडे आहे असे समजून हाताला थोडे दूध लावावे. कुकीज १६ ते १८ मिनिटे भाजाव्यात. गुळामुळे वरचा रंग आधीपासूनच तपकिरी असतो, त्यावर विसंबू नये. एक कुकी उलथण्याने उचलून तिचा तळ पाहावा. तळाची कड गडद सोनेरी दिसली की ट्रे बाहेर काढावा. त्या वेळी कुकी मधोमध मऊच लागते आणि ट्रेवर दहा मिनिटांत घट्ट होते. ती आतच घट्ट होण्याची वाट पाहिली, तर गार झाल्यावर सोलापूरची कडक भाकरी खाल्ल्याचा अनुभव येईल.

ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर पसरून वर स्टँड ठेवावा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे कढई तापवावी आणि नंतर मंद आचेवर ताटलीतील कुकीज २० ते २५ मिनिटे भाजाव्यात. कुकर वापरल्यास रिंग आणि शिटी काढून ठेवावी.

गहू पूर्ण वगळायचा असेल तर २०० ग्रॅम ज्वारीचेच पीठ घ्यावे आणि दुधाऐवजी एक टेबलस्पून जवसाची पूड तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटे भिजवून वापरावी. घरात कोणाला ग्लुटेन अजिबात चालत नसेल, तर गहू दळणाऱ्या गिरणीतील पीठही टाळावे. जात्याला चिकटलेली कणीक त्यात उतरते.

कुकीज पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. गूळ हवेतील ओलावा ओढतो, त्यामुळे पावसाळ्यात त्या मऊ पडल्यास १५० अंशांवर पाच मिनिटे पुन्हा भाजून घ्याव्यात. उन्हाळ्यात दाणे आणि तीळ खवट होण्याची शक्यता असल्याने आठवड्याभरात त्या संपवाव्यात. एकदम जास्त करायच्याच असतील तर कच्चे गोळे फ्रीझरमध्ये ठेवून लागतील तेवढेच भाजणे सोयीचे पडते. असे गोळे बाहेर काढून चपटे करता येण्याइतके मऊ होऊ द्यावेत.