फोल्ड लेझी की स्ट्रिक्ट? यादीत सुरुंग पेरून बघा

हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेच्या कोडमध्ये फोल्ड (यादीतले घटक एकेक करून घेऊन एकच उत्तर बनवणारं फंक्शन) दिसला, की तो लेझी आहे (किंमत गरज पडेपर्यंत काढत नाही) की स्ट्रिक्ट (लगेच काढतो), हे ठरवायला मी मेमरीचा आलेख नंतर बघतो. आधी यादीत सुरुंग पेरतो, म्हणजे एखाद्या घटकाच्या जागी ‘एरर’; त्याची किंमत काढायला गेलं की प्रोग्राम फुटतो. ‘अनडिफाइन्ड’ही चालतं, पण ‘एरर’ला संदेश देता येतो, फुटलं तर कुठलं, ते लगेच कळतं.

यादी घ्या: १, एरर, ३. फंक्शन असं द्या की जुना अ‍ॅक्युम्युलेटर (आतापर्यंत साठलेलं उत्तर) टाकून देऊन नवा घटकच परत करेल. ‘फोल्डएल’ (डावीकडून जाणारा लेझी फोल्ड) निवांत ३ देतो, कारण मधल्या उत्तराला कुणी हातच लावलेला नाही. त्याजागी त्याची स्ट्रिक्ट आवृत्ती ‘फोल्डएल-प्राइम’ टाका, दुसऱ्या घटकालाच फुटेल. ‘फोल्डआर’साठी (उजवीकडून जोडणारा फोल्ड) सुरुंग शेपटीत ठेवा: १, आणि पुढची अख्खी यादीच एरर. पहिला घटक परत करणारं फंक्शन दिलं तर १ मिळतो. फोल्डएल आणि फोल्डएल-प्राइम मात्र दोन्ही इथे फुटतात. त्यांना यादीचं टोक गाठावंच लागतं.

खरी गंमत ट्युपलमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या किमतींच्या जोडीत. बेरीज आणि मोजणी एकत्र ठेवायची, प्राइम लावायचा आणि निर्धास्त व्हायचं, असं सर्रास चालतं. पण प्राइम फक्त वरचं कवच उघडतो. पहिलीच यादी (१, एरर, ३) देऊन नुसती मोजणी मागा: ३ येतात, सुरुंग जसाच्या तसा! मग लोक फंक्शनच्या पॅटर्नमध्ये (ट्युपल उलगडून घेतो तिथे) दोन्हींवर बँग लावतात, म्हणजे ‘किंमत लगेच काढ’ सांगणारी ‘!’ ही खूण. आता मधला एरर फुटतो खरा, पण तोच शेवटच्या जागी ठेवा, पुन्हा सामसूम. बँगचं काम पुढच्या पायरीत शिरताना होतं, आणि शेवटच्या घटकानंतर पायरीच उरत नाही. बेरजेत उरतो एकच थंक (पुढे ढकललेला, न केलेला हिशोब), पण तो भलत्याच ठिकाणी फुटला की शोधताना जीव जातो. म्हणून सुरुंग मध्येही पेरा आणि शेवटीही. स्ट्रिक्ट फील्डवाला (किंमत भरतानाच काढणारा) स्वतःचा डेटा टाइप दोन्हीकडे फुटतो. मी तोच सुचवतो.

टेस्ट लिहिताना ‘ट्राय’च्या (एरर पकडणारं फंक्शन) आत ‘इव्हॅल्युएट’ (किंमत काढायला लावणारं) हवं. ‘रिटर्न’ लिहिलंत तर किंमत काढलीच जात नाही आणि टेस्ट खुशाल हिरवी दिसते.

मेमरी मोजायचीच असेल तर ऑप्टिमायझेशन बंद ठेवूनही मोजा. ते चालू असलं की जीएचसी (हॅस्केलचा कंपायलर) साध्या बेरजेचा फोल्डएल बहुतेकदा स्वतःच स्ट्रिक्ट करून टाकतो. शिवाय स्टॅकची मर्यादा हाताने १ मेगाबाइटवर आणा. एरवी ती मशीनच्या मेमरीच्या ८० टक्के असते, आणि दहा लाख थंकांचा ढीगही त्यात बिनबोभाट मावतो.