छोटी पिकअप पेट्रोलची घ्यावी की सीएनजीची? आधी महिनाभर वही लिहा

नागपूरच्या नंदनवनात माझं बिछायत केंद्र आहे. खुर्च्या, गाद्या, मंडपाचे पाइप, मोठे गंज म्हणजे पातेली, भट्ट्या, पाण्याचे ड्रम, हा सगळा पसारा मी सतरा वर्षं छोट्या गाड्यांवर लादून गावभर पोचवतो आहे. पहिली गाडी छोटा हत्ती, तीही दुसऱ्याच्या हातची, आताची चौथी. त्यामुळे ओळखीत कुणाला पिकअप घ्यायची झाली की तो आधी माझ्या गोदामात येऊन बसतो. पेट्रोल घेऊ की सीएनजी, एवढंच विचारायचं असतं. अलीकडे त्यात हायब्रिडचीही, म्हणजे इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीची, भर पडली आहे.

मी उत्तर लगेच देत नाही, एक शंभर पानी वही देतो. रोज चारच गोष्टी लिहायच्या: निघताना मीटर, परत आल्यावर मीटर, माल अंदाजे किती किलो, आणि कुठे गेलो. गाडी अजून नसेल तर भाड्याच्या गाडीच्या फेऱ्या लिहा. महिनाभर लिहिलं की निम्मा निर्णय आपोआप होतो. धंदा हंगामी असेल तर मंदीतलाही एक आठवडा वहीत यायला हवा, नाहीतर लग्नसराईचे आकडे पाहून माणूस भलतीच गाडी घेतो.

मी स्वतः वही न लिहिता एकदा निर्णय घेतला होता. २०२१ मध्ये पेट्रोलच्या जुन्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं. टाकी केबिनच्या मागे हौद्यात आडवी बसली. माझ्या खुर्च्यांच्या थप्प्या हौद्यात अगदी मापात बसायच्या. टाकीने पुढची अख्खी रांग खाल्ली. दोन फेऱ्यांचं काम तीन फेऱ्यांवर गेलं. पुढच्याच वर्षी नागपुरात सीएनजी १२० रुपये किलोच्या घरात पोचला. तेव्हा इथे गॅस टँकरने द्रवरूपात आणून त्याचा सीएनजी करत, त्यामुळे देशातल्या सगळ्यात महाग भावांमध्ये आपला भाव होता. किलोमीटरमागे जे वाचायचं ते जवळपास निम्म्यावर आलं आणि तिसरी फेरी मात्र कायमची मागे लागली. कामठी रोडच्या एका लॉनवर मी त्या वर्षी वरात दारात आल्यावर खुर्च्या उतरवल्या. मुलीचे वडील काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

माझ्या भाच्याचं उलटं आहे. तो पहाटे कळमना मार्केटमधून भाजी उचलतो आणि प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरकडच्या दुकानांना पोचवतो. रोज साठ-पासष्ट किलोमीटर, वर्षातले तीनशे दिवस. त्याला मीच सीएनजी घ्यायला लावली, कंपनीतून बसवून आलेली. तो खूश आहे. त्याची तक्रार एकच: "मामाजी, गाडी तं चांगलीच आहे, पण पंपावर लाइन लागली का अर्धा घंटा तिथंच चालला जाते."

आता हिशेब. मी पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरतो. तुम्ही तुमच्या पंपावरचा आजचा भाव घाला. माल भरलेल्या छोट्या पिकअपला गावात पेट्रोलवर १३ आणि सीएनजीवर १७ चं ॲव्हरेज धरा. शोरूममध्ये सांगतात तो आकडा इथे घालू नका. तो मोजणीच्या ठरावीक पद्धतीतून येतो, इतवारीच्या गल्लीतून नाही. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला आठ रुपयांच्या थोडा वर, सीएनजीचा सव्वापाचच्या थोडा वर. फरक पावणेतीन रुपये. सीएनजी मॉडेलला लाखभर जास्त मोजावे लागत असतील तर ते वसूल व्हायला साधारण ३६ हजार किलोमीटर लागतात.

पण तो लाख बहुतेकांचा कर्जातला असतो, आणि हे कुणी मोजत नाही. १० टक्के व्याजाने चार वर्षांसाठी लाख रुपये घेतले तर त्यावरचं व्याजच बावीस हजारांच्या जवळ जातं. मग वसुली ४४ हजार किलोमीटरवर सरकते. भाच्याची गाडी तेवढी सव्वादोन-अडीच वर्षांत पळते. माझी वर्षाला पाच हजारही पळत नाही; मला नऊ वर्षं लागतील. तोवर भट्ट्यांचा आणि पाइपांचा मार खाऊन हौद्याचा पत्रा कुजलेला असेल. म्हणून माझी आताची गाडी पेट्रोलची आहे. वर्षाला बारा हजारांच्या आत पळणाऱ्याला मी पेट्रोलच सांगतो, अठरा हजारांच्या वर पळणाऱ्याला सीएनजी. मधल्यांनी पुढचं नीट वाचावं.

वजन पाहा. सीएनजीची लोखंडी टाकी जड असते आणि ते वजन तुमच्या मालातून कापलं जातं. मारुतीच्या सुपर कॅरीचंच घ्या: पेट्रोलवर वहनक्षमता ७४० किलो, सीएनजीवर ६२५. फरक ११५ किलोंचा. माझी एक खुर्ची पावणेतीन किलोची, म्हणजे चाळीसेक खुर्च्या. इथे एक गोष्ट स्वतःला विचारा: तुमच्या मालाने आधी जागा भरते की वजन? खुर्च्या, गाद्या, फोम, रिकामे क्रेट यांनी हौदा आधी भरतो आणि वजन उरतं. अशांना ११५ किलो गेल्याचं जाणवणारही नाही. भांडी, टाइल्स, सिमेंट, कांद्याची पोती नेणाऱ्याला प्रत्येक फेरीत जाणवेल. गाडीच्या आरसीवर भरलेल्या गाडीचं एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्यातून वजा करा, म्हणजे कायद्याने किती लादता येतं ते कळतं. कंपनीच्या सीएनजी गाड्यांत टाकी बहुधा हौद्याखाली चेसिसला असते, त्यामुळे जागा वाचते. बाहेरून किट बसवण्याच्या आधी हौदा टेपने मोजा आणि टाकी कुठे येणार ते खडूने आखून घ्या. मी आखलं असतं तर किट बसवलंच नसतं.

ताकदीचंही तसंच. गॅस इंजिनात शिरताना हवेची जागा घेतो, म्हणून त्याच इंजिनाची ताकद सीएनजीवर दहा-पंधरा टक्के कमी होते. नागपूर सपाट आहे, गावात दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर काम भागतं. पण छिंदवाड्याहून माल आणताना सिल्लेवानी घाट लागतो, अमरावतीकडे जाताना तळेगावजवळ सत्याग्रही घाट. महिन्यातून एखाद्या वेळी तिकडे जाणाऱ्याने चढाला सीएनजी गाडी पेट्रोलवर घ्यावी, गॅसवरून पेट्रोलवर जायचं बटण त्यासाठीच असतं. आठवड्यातून तीनदा जाणाऱ्याने ते बटण किती वेळा दाबावं लागेल ते वहीत बघावं. काही छोट्या सीएनजी गाड्यांत पेट्रोलची टाकी फक्त पाच लिटरची असते, ती घाटाघाटांत पुरणार नाही.

ट्रायलला मी रिकामी गाडी कधीच चालवत नाही. माझ्याकडे दोनशे लिटरचे झाकणाचे ड्रम आहेत. तीन ड्रम काठोकाठ भरले की पाण्याचंच वजन सहाशे किलो. अर्धे ठेवू नका, पाणी हेलकावतं आणि वळणावर गाडी ओढते. दोराने बांधायचे, चाकांतली हवा तपासायची आणि एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी मुद्दाम थांबवून पुन्हा उचलायची. क्लच किती वास मारतो, इंजिन गुदमरतं का, गाडीची मागची बाजू किती खाली बसते, हे त्या दोन मिनिटांत कळतं ते ब्रोशरच्या दहा पानांत कळत नाही. एका शोरूमने डेमो गाडीत ड्रम ठेवू दिले नाहीत, दुसऱ्याने आनंदाने दिले. मी दुसऱ्याकडून घेतली.

पंप तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का, हे नकाशावर पाहून भागत नाही. ज्या वेळेला तुम्ही गॅस भराल त्याच वेळेला तीन दिवस जाऊन रांग पाहा. भाच्यासोबत मी सकाळी साडेआठला उभा राहिलो होतो, पुढे ऑटोंची रांग होती. रात्री दहाला तोच पंप मोकळा असतो. आता तो रात्रीच भरून ठेवतो. गॅस २०० बारच्या दाबाने भरतात. मे महिन्यात, तापल्या गाडीत भरला की टाकीत किलो थोडे कमी मावतात. यात पैसे बुडत नाहीत, कारण आपण किलोने मोजतो. फक्त एका भरण्यात गाडी कमी पळते.

जुनी सीएनजी गाडी घेत असाल तर सगळ्यात आधी टाकीची प्लेट वाचा. टाकीची पाण्याच्या दाबावरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तारीख प्लेटवर असते. टाकीचं आयुष्यच वीस वर्षांचं धरलेलं आहे. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढलेलं नसेल आणि विम्यातही लिहिलेलं नसेल तर ती गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त मिळो. अपघातात विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. प्लग आणि टॅपेटचं काम सीएनजीला पेट्रोलपेक्षा लवकर निघतं, तोही खर्च वहीत घाला. आणि आठवड्यातून थोडा वेळ गाडी पेट्रोलवर चालवा, म्हणजे ती बाजू जाम होत नाही.

आता हायब्रिड. यात इंजिनासोबत एक मोटर आणि बॅटरी असते. ब्रेक मारताना जी शक्ती उष्णता होऊन वाया जाते तिच्यातली काही मोटर बॅटरीत साठवते आणि पुढच्या सिग्नलवरून गाडी उचलताना परत देते. म्हणून गावात, थांबत-थांबत चालणाऱ्याला त्याचा खरा फायदा. वर्धा रोडवर एका गतीने बुटीबोरी गाठणाऱ्याला कमी, कारण ब्रेकच कमी लागतो. अमेरिकेत फोर्डची मॅव्हरिक ही छोटी पिकअप २०२१ पासून हायब्रिडमध्ये मिळते आणि तिथेही लोक गावात किती, हायवेवर किती, याच हिशेबाने ती आणि पेट्रोलची यांतून निवडतात. आपल्याकडे हायब्रिड ग्रँड विटारा, हायरायडरसारख्या प्रवासी गाड्यांत आहे; एक टनाच्या आतल्या मालवाहू गाड्यांत नाही. तिची वाट पाहून भाड्याच्या गाडीवर पैसे घालवू नका.

डिझेल मी हल्ली गावातल्या कामाला सांगत नाही. २०२० च्या बीएस-६ या धुराच्या नियमांनंतर डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी आली. ती साफ व्हायला इंजिन लांब पल्ल्यावर तापावं लागतं. नंदनवन ते सक्करदरा करून ते होत नाही. काटोल-नरखेडहून रोज संत्रा आणणाऱ्याची गोष्ट वेगळी. विजेवरच्या छोट्या गाड्याही आता आल्या आहेत. फेरा ठरलेला आणि गोदामात चार्जिंगची सोय असेल तर त्यांचा विचार जरूर करा. माझं गोदाम भाड्याचं आहे, मालक वेगळं मीटर देत नाही, म्हणून मी थांबलो.

गाडी घरी आली म्हणून वही बंद करू नका. पहिल्या हजार किलोमीटरनंतर टाकी काठोकाठ भरा, मीटर लिहा, पुन्हा भरेपर्यंत चालवा, आणि एकाच पंपाच्या एकाच मशीनवर भरून पळालेल्या किलोमीटरांना दुसऱ्यांदा भरलेल्या इंधनाने भागा. भाच्याचं आम्ही १७ धरलं होतं, भरलं १८. माझ्या पेट्रोलचं १३ धरलं होतं, ते साडेबारा निघालं. मग चाकांतली हवा बघितली, मागच्या डाव्या चाकात कमी होती.